संडे स्कूलमधला प्रश्न: "मिस, तो पेपर माझा होता का?"

पाचवी_रांग | रविवार, रात्री ९:५०

जय ख्रिस्त, आणि इतर सगळ्यांना नमस्कार.

मी पुण्यात राहते, नोकरी बँकेत. रविवारी सकाळी मंडळीत (चर्चमध्ये) आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेते. चौदा मुलं आहेत. शिकवण्याचं रीतसर शिक्षण काही नाही. आधीच्या बाई लेकाकडे नाशिकला गेल्या आणि पाळकसाहेबांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, इतकंच.

आज पाठ होता बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय. नाना प्रकारच्या परीक्षा आल्या की आनंद माना, कारण विश्वासाची पारख झाली की धीर येतो, तो भाग. तयारी चांगली केली होती. सोनार सोनं कसं तापवतो त्याची चित्रं काढून नेली होती. 'परीक्षा' म्हटल्यावर पोरांना घटक चाचणीच आठवली, सगळे खिदळले. मग मीही तोच धागा पकडला आणि सांगून मोकळी झाले की देव पेपर काढतो, विश्वास असला की आपण पास, मग वरचा वर्ग.

मागच्या बाकावर दहा वर्षांची एक मुलगी बसते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिचे वडील पावसाळ्यात गेले. अठरा दिवस आयसीयूत होते. मंडळीने साखळी प्रार्थना ठेवली होती, दर तासाला एक घर. आजीबरोबर संध्याकाळी सहाचा तास तिचा होता. तिने हात वर केला आणि विचारलं, "मिस, तो पेपर माझा होता का?"

मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "माझा विश्वास कमी पडला का?"

मी "नाही गं, नाही" म्हणाले, तिला जवळ घेतलं, आणि तेवढ्यात मोठ्यांची उपासना सुरू व्हायची घंटा झाली. खरं सांगते, घंटा झाली म्हणून मला बरं वाटलं. दुपारपासून त्याचीच लाज वाटतेय.

संकटात टिकून राहायला मुलांना शिकवायचं तर आहे. पण खोटं न बोलता कसं शिकवायचं? पुढच्या रविवारी मी काय करू?

---

विजयी_जीवन | रविवार, रात्री १०:१५

ताई, रोमकरांस ८:२८ मुखपाठ करून घ्या. सर्व गोष्टी मिळून कल्याणच होतं. देवाची योजना आपल्याला आज कळत नाही. तिला सांगा की पप्पा आता चांगल्या ठिकाणी आहेत, रडायचं नाही, साक्ष द्यायची. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

---

कोरा_कागद | रविवार, रात्री १०:३१

@विजयी_जीवन, वचनाशी माझं भांडण नाही. पण माझी आई गेली त्या दिवशी अंगणात चपला काढता काढता चार जणांनी मला हेच वचन ऐकवलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढची दहा वर्षं रोमकरांस पत्राचं पान आलं की मी उलटून टाकायचो. वचन खरं असेलही. पण ते कोण बोलतंय आणि कधी, याने फरक पडतो.

---

जुनी_बायबलबाई | सोमवार, सकाळी ६:०५

पाचवी_रांग बाळ, मी नगरची. आमचे साहेब पाळक होते, आता प्रभूजवळ आहेत. चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं. तुझी चूक मीही केलेली आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

पहिलं काम, तो पेपर काढणारा देव मोडून टाक. पुढच्या रविवारची वाट बघू नकोस, या आठवड्यात तिच्या घरी जा. तिच्या आईसमोर तिला सांग, "मी चुकीचं शिकवलं." मोठ्या माणसाने चूक कबूल केलेली मुलं विसरत नाहीत. आणि त्याच अध्यायात तेराव्या ओवीत याकोब काय म्हणतो ते वाच. पुढच्या कुणी असं म्हणू नये म्हणूनच त्याने लिहिलंय की देव वाईटाचा मोह कुणाला घालत नाही. आपण दुसऱ्या ओवीवर थांबतो आणि घरी जातो.

दुसरं. "विश्वास कमी पडला का?" याचं उत्तर गेथशेमाने बागेत आहे. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूने स्वतः तीनदा मागितलं, हा दुःखाचा प्याला टळू दे. टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं ती पोर तरी म्हणेल का? तिला विचार, तीच उत्तर देईल. बरोबरच्या मित्रांना जागं राहायला सांगितलं तर ते झोपून गेले, हेही सांग. मुलांना तो भाग फार पटतो.

लूकमध्ये तो बुरूज कोसळल्याची गोष्ट आहे, अठरा माणसं मेली. ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं प्रभूच विचारतो आणि प्रभूच 'नाही' म्हणतो. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगणार?

आणि एक, तुझ्या कपाटात जुना फ्लॅनल बोर्ड (गोष्टीची चित्रं चिकटवायचा कापडी फळा) असेल तर योसेफाच्या चित्रांचं पाकीट काढून बघ. मग पुढचं सांगते.

---

विवेकी_विक्षिप्त | सोमवार, सकाळी ९:४०

मी नास्तिक, त्यामुळे आगाऊपणाबद्दल आधीच माफी. मला मुळात 'सोसायला शिकवणं' हीच कल्पना भीतीदायक वाटते. बाप दारू पिऊन मारतो, क्लासचा सर नको तिथे हात लावतो, आणि संडे स्कूलची बाई सांगते की परीक्षा आली की आनंद माना. ते मूल गप्प बसणार. धर्म कुठलाही असो, 'धीर धर' हे वाक्य बहुतेक वेळा ज्याच्या हातात काठी असते त्याच्या सोयीचं असतं.

---

शाळेतली_ताई | सोमवार, दुपारी १:१०

विवेकींचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मी शाळेत समुपदेशक आहे (आणि ख्रिस्ती आहे, घरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही, सण दुप्पट). वर्गात मी दोन गोष्टी वेगळ्या काढते. आजारपण, मृत्यू, दुष्काळ हे कुणाला न विचारता येतं. त्यात टिकून राहायचं, एकमेकांना धरून. पण माणूस माणसाला त्रास देत असेल तर तो सोसायचा नाही, सांगायचा. आईला, मला, पाळकांना, आणि कुणीच ऐकत नसेल तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन. हा नंबर मी वचनासारखा पाठ करून घेते. पोरं तालात म्हणतात.

आता त्या मुलीबद्दल. या वयाच्या मुलांना बरेचदा वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून तसं घडलं. भांडणात "जा, मला नाही बोलायचं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पप्पा पडले, तर मूल त्याची गाठ मारून ठेवतं. कुणाला सांगत नाही. हिने विचारलं हे नशीब समजा. एकदा "नाही गं" म्हणून भागत नाही. काय झालं होतं ते साध्या शब्दांत सांगावं लागतं: पप्पांच्या शरीराला काय झालं, डॉक्टरांनी काय केलं, तरी का उपयोग झाला नाही. आणि "तुझ्या बोलण्यामुळे नाही, तुझ्या प्रार्थनेमुळे नाही" हे महिन्यांमागून महिने, पुन्हा पुन्हा.

"देवाने बोलावून घेतलं" हे वाक्य मी लहान मुलांसमोर वापरत नाही. एका मुलाने ते ऐकून प्रार्थना करणंच सोडलं होतं. त्याला वाटायचं, देवाचं आपल्याकडे लक्ष गेलं की तो आणखी कुणाला तरी बोलावेल.

---

अलिबागकर_लोद | सोमवार, सायंकाळी ५:२२

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे, आता इस्राएलमध्ये लोदला. धागा ख्रिस्ती आहे, पण ईयोब आमचाही, म्हणून लिहितो. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्यात मयताच्या घरी सात दिवस बसतात. भेटायला गेलेल्याने आधी तोंड उघडायचं नाही, घरचा माणूस बोलला तर बोलायचं. माझ्या मुलांना मी हेच शिकवलं. तसं पाहिलं तर ते मित्र आठव्या दिवशी बोलायला लागले आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

---

कोरा_कागद | सोमवार, सायंकाळी ५:४०

"आठव्या दिवशी बोलायला लागले" 😀 आमच्या अंगणात पहिल्याच दिवशी बोलायला लागले होते.

---

वसईचा_वारा | सोमवार, रात्री ८:१५

आमच्या धर्मग्रामात मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, त्यामुळे हा प्रश्न दर फेब्रुवारीत माझ्या अंगावर येतो. वसईचा संत गोन्सालो गार्सिया. जन्म इथलाच, १५५७ च्या सुमाराचा, आई इथली, बाप पोर्तुगीज. जपानमध्ये आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये संत म्हणून घोषणा झाली, भारतात जन्मलेला पहिला संत. आमच्या इथल्या कॉलेजलाही त्याचंच नाव आहे.

लहानपणी आम्हाला ही गोष्ट अभिमानाने सांगत, आणि आम्ही ती सणाच्या जेवणासारखी ऐकत असू. वर्ग घ्यायला लागल्यावर एका पोराने विचारलं, "सर, दानिएलला सिंहांपासून वाचवलं, मग आपल्या गोन्सालोला का नाही?" त्या सव्वीस जणांत लुई इबाराकी नावाचा बारा वर्षांचा मुलगाही होता. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्याच वयाचा.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी भट्टीतल्या तिघांची गोष्ट वेगळी सांगतो. शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढे म्हणतात: आणि नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते 'आणि नाही सोडवलं तरी' मी फळ्यावर लिहून ठेवतो. सोडवल्यावर हे वाक्य म्हणणं सोपं असतं, त्यांनी ते भट्टीच्या अलीकडे म्हटलं.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्यायही पुरा वाचावा. विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केली, इथपर्यंत सगळे वाचतात. दोन-चार ओव्या पुढे लिहिलंय की काहींना दगडमार झाला, काहींना करवतीने चिरलं. एकाच यादीत, एकाच विश्वासाबद्दल.

---

अबोली_साताऱ्याची | सोमवार, रात्री ९:३०

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात वारी आहे. एक कुतूहल म्हणून विचारते. तुमच्याकडे देवाशी भांडायची सोय आहे का? तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलतात ते आमची आजी हसत हसत सांगायची. जनाबाई तर थेट शिव्या देते. लहानपणी मला तो सगळ्यात मोठा आधार वाटायचा, की रागावलं तरी चालतं, तो निघून जाणार नाही.

---

जुनी_बायबलबाई | मंगळवार, सकाळी ६:२०

अबोली, आहे तर! स्तोत्रसंहिता उघड. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला विचारतो, कुठवर मला विसरणार आहेस? पुष्कळ स्तोत्रं अशी गाऱ्हाण्याची आहेत. शेवटी बहुतेक वेळा सूर बदलतो, पण अठ्ठ्याऐंशीवं बघ, ते अंधारातच संपतं. कुणी ते नीट करून ठेवलेलं नाही. संडे स्कूलच्या भिंतीवर मात्र तेविसावंच टांगलेलं असतं.

आणि तुझं म्हणणं आमच्या घरचंच आहे बरं का. रेव्हरंड टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. शाळेत त्यांची 'केवढे हे क्रौर्य' पाठ केली असशील. पक्षीण पडते, उठते, पिलांपर्यंत पोचते, आणि तिथे प्राण सोडते. फुलामुलांचा कवी म्हणतात त्यांना, तरी त्यांनी ती वाचवली नाही. आणि मराठी पोरांनी ती कविता सोडली का?

पाचवी_रांग, पाकीट सापडलं का?

---

स्पष्टवक्ता_९६ | मंगळवार, सकाळी १०:०२

वा, गोड गोड बोलून धर्मांतराचा अजेंडा. तुकोबांनाही सोडलं नाही

---

संपादक मंडळ | मंगळवार, सकाळी १०:४८

वरील सदस्यांना समज दिली आहे. यावरचे पाच उपप्रतिसाद काढून टाकले आहेत. विषयावर बोलावे.

---

फडातला_पोरगा | मंगळवार, रात्री ११:३५

बीड जिल्हा. उशिरा लिहितोय, ड्युटी संपवून आलो.

आमचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दोघं मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर मान वर करायची नाही. दिवाळी झाली की टोळी निघायची आणि उन्हाळा लागल्यावर परत. आमच्या गावची मंडळी तोवर ओस. पाळक यायचे, म्हाताऱ्या तीन-चार बाया असायच्या, तेवढ्यात प्रार्थना. आमचा नाताळ फडात, कोपीबाहेर (झोपडीबाहेर), उसाच्या वाढ्याचा तारा करून. मला तो अजून सगळ्यात चांगला नाताळ वाटतो, ते जाऊ द्या.

एक वर्ष मुकादमाने हिशेबात खोट काढली. सहा महिने राबून घरी येताना आमच्यावर उलट कर्ज. गावी आल्यावर सुट्टीतल्या बायबल शाळेत शहरातून आलेल्या एका दादाने आम्हाला याकोबाचा हाच पाठ शिकवला. संकट म्हणजे देवाची परीक्षा, कुरकुर करायची नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "ही देवाची परीक्षा नव्हं, ही मुकादमाची लबाडी हाय. देवाचं नाव कशाला घेतो?"

आईला वाचता येत नव्हतं. मी पुढे शिकलो, आणि एके दिवशी याकोबाचं पत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. पाच तर अध्याय आहेत. पाचव्याच्या चौथ्या ओवीत काय आहे? तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली, ती ओरडतेय, आणि कापणाऱ्यांचं गाऱ्हाणं परमेश्वराच्या कानावर गेलंय. कापणाऱ्यांचं! मी होस्टेलच्या गच्चीवर बसून ती ओवी दहा वेळा वाचली. आणि त्याच्या पुढच्याच भागात तो म्हणतो, भावांनो, धीर धरा, शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो तसं. मग ईयोबाचं नाव घेतो.

म्हणजे याकोब 'धीर धरा' म्हणतोय ते कुणाला? ज्यांची मजुरी खाल्ली त्यांना. आणि त्यांना ते सांगायच्या आधी तो मजुरी खाणाऱ्यावर गरजून घेतो. आधी तुझं गाऱ्हाणं ऐकू आलंय म्हणतो, मग टिकून राहा म्हणतो. हा क्रम उलटा केला की आईचं खरं होतं, देवाचं नाव मुकादमाला कामी येतं.

विवेकी_विक्षिप्त, काठीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण आईने आम्हाला टिकून राहायलाच शिकवलं, हेही तितकंच खरं. रात्री कोपीत ती एक गाणं म्हणायची आणि आम्ही पाचही भावंडं तिच्याबरोबर. पुढच्या हंगामात ती मुकादमाकडे वही मागायला गेली. गाणं म्हणणारी बाई आणि वही मागणारी बाई एकच होती.

---

विवेकी_विक्षिप्त | बुधवार, सकाळी ८:५५

@फडातला_पोरगा, वाचलं. दोनदा. वही मिळाली का?

---

फडातला_पोरगा | बुधवार, सकाळी ९:३०

नाही मिळाली. पण त्यानंतर आईने स्वतः गाठी मारायला सुरुवात केली, एका सुतळीला. गाडी भरली की गाठ. मुकादम हसायचा. त्या वर्षीचा हिशेब सुतळीवरून झाला.

---

पाचवी_रांग | बुधवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार मानायचे तर यादी मोठी होईल.

काल तिच्या घरी गेले. तिच्या आईसमोर सांगितलं की मी चुकीचं शिकवलं, तो पेपर नव्हता, आणि ती नापास झालेली नाही. तिने मान हलवली आणि मला तिचा नवा कंपास दाखवला. बस. मी काहीतरी मोठं होईल या अपेक्षेने गेले होते, हे आता लिहिताना कळतंय. शाळेतली_ताई, तुमचं 'महिन्यांमागून महिने' लक्षात ठेवते.

आजी, पाकीट सापडलं! रंगीत झगा, खड्डा, उंट, आणि फारोचा (मिसरच्या राजाचा) दरबार चांगला तीन तुकड्यांत, मोरपिसांच्या पंख्यासकट. तुरुंगाचं एकच चित्र, त्यातही योसेफ हसतोय.

---

जुनी_बायबलबाई | गुरुवार, सकाळी ६:१०

हेच दाखवायचं होतं तुला. योसेफाला भावांनी विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस. मधली तेरा वर्षं पाकिटात नाहीत! तुरुंगातला सोबती, राजाचा प्यालेबरदार, सुटला, योसेफाला म्हणाला असेल हो सांगतो तुझ्याबद्दल, आणि दोन वर्षं विसरला. आपली पोरं त्याच दोन वर्षांत बसलेली असतात आणि आपण त्यांना पंखा दाखवतो.

मी असं करायची. कागदाची लांब पट्टी, तेरा चौकोन. पहिल्यात खड्डा, शेवटी दरबार, मधले रिकामे. पोरांना सांगायचं, यात काय झालं असेल ते तुम्ही भरा. एकदा एकाने लिहिलं होतं, "आज कोणी आलं नाही." दुसऱ्याने, "तुरुंगातल्या मुलाला कोडं घातलं." मोठ्या पोरांना मग उत्पत्तीचा बेचाळिसावा अध्याय वाचून दाखव. खड्ड्यात टाकलं तेव्हा योसेफ रडला का, हे सदतिसाव्या अध्यायात नाहीच. इतक्या वर्षांनी भावांच्या तोंडून बाहेर पडतं की तो काकुळतीने विनवत होता आणि आम्ही ऐकलं नाही. आणि मोठा अधिकारी झाल्यावर तो किती वेळा रडतो ते मोजायला लाव. पोरांना मोजायला आवडतं.

एलीया संदेष्टाही घे, पण हलक्या हाताने. तो झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकरी भाजून देतो, पाणी देतो, झोपू देतो. परत उठवतो, परत खायला देतो, म्हणतो वाट लांबची आहे. प्रश्न विचारतो देव, पण चाळीस दिवसांनी.

आपल्या मातीतली माणसं हवी असतील तर पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, भावाबरोबर अनवाणी देश फिरल्या, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा. बाप्तिस्मा १८८३ चा, या सगळ्यानंतरचा. आणि नंतरही काही सूट मिळाली नाही. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो अनाथ पोरी सांभाळल्या आणि १९२१ ला एकुलती मनोरमा गेली. वर्षभरात त्याही. मुलांना मी विचारते, दुष्काळात सापडलेल्या पोरींना शोधायला रमाबाई का धावल्या असतील? उत्तर पोरंच देतात, कारण त्यांना भूक ठाऊक होती.

रमाबाईंनी चेहरे फार लांब झाले तर लक्ष्मीबाई टिळक आहेतच. नवऱ्याने १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, बाईंनी १९०० ला. मधल्या वर्षांतला छळ आणि एकटेपण लिहितानाही त्या माणसाला हसवतात. रडत रडत हसता येतं, हे पोरांना त्यांच्याकडून शिकव. आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरं केलं, शाळेत रीतसर कधी शिकलेल्या नसताना. टिळकांचे अध्याय अकरा, बाईंचे चौसष्ट.

---

विजयी_जीवन | गुरुवार, दुपारी २:४५

मी सुरुवातीला घाईने लिहिलं. वचन अजूनही मानतो. पण कोरा_कागद, तुमच्या अंगणातल्या चार जणांत मी असू शकलो असतो. तेवढं कळलं.

---

कोरा_कागद | गुरुवार, दुपारी ३:००

🙏 चहा प्यायला या कधी.

---

पाचवी_रांग | रविवार, दुपारी २:२०

आत्ताच घरी आले, जेवायच्या आधी लिहिते.

सुरुवातीला सगळ्या वर्गासमोर सांगितलं की गेल्या वेळचं पेपरचं मी चुकीचं शिकवलं. एक मुलगा म्हणाला, "मिस, मग वहीत खोडू का?" खोडायला लावलं. मग फडातला_पोरगा यांच्या आईची सुतळी सांगितली (परवानगी व्यनिने, म्हणजे खाजगी निरोपाने, घेतली होती), आणि याकोबाचं पाचवं प्रकरण. चौदा पोरांना मुकादमाचा इतका राग आला की पट्टीकडे वळायला वेळ लागला. १०९८ पण पाठ झाला.

पट्ट्या भरताना वर्ग कधी नव्हे तो गप्प होता. काहींनी उंदीर काढले. एकाने सगळ्या चौकोनांत 'बोर झालं' लिहिलं, मला ते मुळीच वाईट वाटलं नाही. तिने सुरुवातीच्या चौकोनांत काहीच भरलं नाही. मग चौथ्यात लिहिलं, "आठ दिवस डबे आले." पाचव्यात, "नंतर आले नाहीत." पुढे एका चौकोनात फक्त खिडकी.

मी काही बोलले नाही. अलिबागकरांची आठवण झाली.

उपासना झाल्यावर ती पट्टी मी महिला मंडळाच्या सेक्रेटरींना दाखवली, तिला आणि तिच्या आईला विचारूनच. त्या बराच वेळ चौथा आणि पाचवा चौकोन बघत होत्या. म्हणाल्या, आपण साखळी अठरा दिवस चालवली की गं, तासातासाने. मग तिथेच पर्समधून कागद काढून वार लिहायला घेतले. मंगळवार आणि शुक्रवार भरले आहेत, नाताळपर्यंतचे. शनिवार रिकामा आहे. मला स्वयंपाकातलं पोळी-भाजीपलीकडे फारसं जमत नाही, पण शनिवार मी घेतलाय.

---

जुनी_बायबलबाई | रविवार, दुपारी ४:०५

शनिवारी शेंगोळे कर. कुळथाचं पीठ मी नगरहून पाठवते, पत्ता व्यनि कर. लसूण जास्त घाल, आणि डब्यात रस्सा वेगळा दे, नाहीतर पोचेपर्यंत गिच्च होतात.